परकोटात वाघ येऊन राह्यला

मुखरू मोहुर्लेचा आवाज ज्यानं ऐकला नाही, तो चंद्रपूरचा असूच शकत नाही. बत्तीस वर्षं हा माणूस ऑटोवर भोंगा बांधून गावभर बोलत फिरला. कोणाची म्हैस हरवली, उद्या कोणत्या वॉर्डात नळ येणार नाहीत, कुठल्या मैदानात झाडीपट्टीचं नाटक आहे, चादरी कुठे अर्ध्या किमतीत लागल्या, कोण वारलं आणि अंत्ययात्रा किती वाजता, हे सगळं गावाला मुखरूनंच सांगितलं. घरी आला तरी त्याचा आवाज खाली उतरायचा नाही. गोल बाजारात फुटाणे-मुरमुरे विकणारी त्याची बायको धुरपता कानावर हात ठेवून म्हणायची, “बाहेरच्यांसाठी भोंगा हाये, घरच्यांसाठी काऊन हाये? मी काय मैदान हाये का?”

या धंद्याचा एक नियम मुखरूनं स्वतः शोधून काढला होता आणि नव्या माणसाला तो फुकट शिकवायचा. चालत्या ऑटोतून एका घराले एकच वाक्य भेटते. म्हणून एका वाक्यात सगळं आलं पाहिजे. ‘म्हैस हरवली’ एवढं या चौकात बोललास आणि ‘काळी, डावं शिंग मोडकं’ हे पुढच्या चौकात सांगितलंस, तर या चौकातले लोक संध्याकाळपर्यंत दिसेल ती म्हैस धरून आणतात. हे एकदा खरंच घडलं होतं. अकरा म्हशी आल्या होत्या आणि हरवलेली त्यात नव्हती.

पुढे घरोघरी मोबाईल आले. म्हैस हरवली की लोक तिचा फोटोच टाकू लागले. वारलेल्याचाही फोटो, नाटकाचाही फोटो. मुखरूचा भोंगा आठवड्यातून एखाद्या वेळी वाजायचा, तोही पोलिओच्या डोसासाठी. बाकीचे दिवस तो जटपुरा गेटाच्या सावलीत ऑटो लावून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला न विचारलेली माहिती द्यायचा.

आता त्या गेटाबद्दल. गोंड राजांनी चंद्रपूरला भलाथोरला परकोट बांधला. त्याला चार दरवाजे आणि पाच खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे. आत जुनं गाव, जुना बाजार, राजाची समाधी, देवळं. पण पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. देशभरातून माणूस ताडोबात वाघ पाहायला यायचा, रिसॉर्टात जेवायचा, तिथल्याच दुकानातून वाघाचं चित्र असलेला टी-शर्ट घ्यायचा आणि परस्पर नागपूरला जाऊन विमानात बसायचा. परकोटाच्या आत कोणी वाकूनसुद्धा पाहायचा नाही. बाजारात दुपारी माशा मारायच्या म्हटल्या तरी माशाही फिरकत नव्हत्या.

कापडवाले सोमाजीभाऊ हे परकोटातल्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष. वय बहात्तर, कपाळावर कायमची आठी. त्यांची नात दिव्यानी नागपूरहून पर्यटनाचा कोर्स करून आली आणि तिनं मंडळासमोर एक योजना मांडली. दर रविवारी चार वाजता जटपुरा गेटापासून पायी फेरी काढायची, पाहुण्यांना जुनं गाव दाखवायचं, बाजारातून फिरवून आणायचं. आता फिरवणार कोण? गल्लीबोळ माहीत असलेला, न थकता बोलणारा आणि सध्या रिकामा असा गावात एकच माणूस होता.

मुखरूला मंडळानं बोलावून घेतलं. दिव्यानीनं त्याच्या सदऱ्यावर एक बिल्ला लावला. त्यावर त्याचा फोटो आणि खाली छापलेलं: मुखरू मोहुर्ले, मार्गदर्शक. मुखरू कितीतरी वेळ मान वाकडी करून तो बिल्ला उलटाच वाचत राहिला. बत्तीस वर्षं त्यानं दुसऱ्यांची नावं ओरडून सांगितली होती, नटांची, पुढाऱ्यांची, मेलेल्यांची. स्वतःचं नाव छापलेलं त्यानं फक्त राशन कार्डावर पाहिलं होतं आणि तिथंही ते मुकरू असं होतं. त्याला इतका आनंद झाला की त्यानं तिथल्या तिथं तोंडातला खर्रा थुंकला आणि सोडल्याचं जाहीर केलं.

“लेका, हुरळून नको जाऊ,” सोमाजीभाऊ म्हणाले. “हा बिल्ला तीन रविवारापुरता हाये. माणसं किती आली ते मी नाई मोजत. फिरणारा चहा पिते, फोटो काढते आन जाते. त्यानं बाजार नाई उठत. माणूस राह्यला पाहिजे. रात्रीचा जेवला, सकाळचा नाश्ता केला, पायात चप्पल तुटली तर इथीच घेतली, असा. तीन रविवारात परकोटात एक जरी कुटुंब मुक्कामाले राह्यलं, तर बिल्ला तुहा. नाई तर एक कंपनी बॅटरीच्या गाड्या लावून देतो म्हणते. त्यात माणूस लागत नाई, टेप बोलते.”

“टेप?” मुखरूला ते फार लागलं. “टेपले का माहीत, भाऊ, कोणत्या गल्लीत कुत्रा चावते?”

मुक्कामाची सोय म्हणजे आशाबाईंचा लॉज. गेटापासून हाकेच्या अंतरावर, आठ खोल्या. तिथं कोर्टाच्या तारखेला आलेले लोक उतरायचे आणि निकाल विरोधात गेला की चादरींवर राग काढून जायचे. पर्यटक नावाचा प्राणी आशाबाईंनी आयुष्यात पाहिला नव्हता.

पहिल्या रविवारी दोन माणसं आली. त्यातला एक एटीएम शोधत होता. दुसऱ्याला मुखरूनं दिव्यानीनं लिहून दिलेला कागद वाचून दाखवला: “सुस्वागतम! सन्माननीय पर्यटकहो, सदर प्रवेशद्वार हे स्थापत्यकलेचा अद्वितीय आविष्कार असून…” आविष्कार या शब्दावर मुखरूची जीभ तीनदा घसरली. चौथ्यांदा त्यानं डोळे मिटून जोर लावला आणि डोळे उघडले तेव्हा पर्यटक गेलेला होता.

दुसऱ्या रविवारी एकटा सोमाजीभाऊंचा जावई आला. तोही सासऱ्यानं पाठवला म्हणून.

आता एकच रविवार उरला. मुखरूला झोप लागेना, जेवण जाईना. बिल्ला तो अंघोळीपुरताच काढायचा आणि तेवढ्या वेळातही धुरपताला सांभाळायला द्यायचा. “धुरपता,” तो एकदा अगदी हळू आवाजात म्हणाला, आणि तेवढ्यानंच ती घाबरली, “हे गेलं ना, तर मी काय सांगू लोकायले? का माह्यापेक्षा टेप बरी निघाली?” एरवी धुरपता टोमणा मारायला टपलेली असायची. त्या दिवशी तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकर वाढली.

शनिवारी मुखरूला कल्पना सुचली. पर्यटकाला काय पाहिजे? वाघ. मग आपण वाघ देऊ! दुकानांचे बोर्ड रंगवणारा इसरू गेडाम हा त्याचा जुना मित्र. नाटकात वाघाचं सोंग घ्यावं तर इसरूनंच. अंगाला पिवळी माती, त्यावर काजळीचे पट्टे, कमरेला दोरखंडाचं शेपूट, आणि उडी अशी मारायचा की पहिल्या रांगेतले लोक तिसऱ्या रांगेत जायचे. रविवारी चार वाजता जटपुरा गेटात इसरूचा वाघ नाचवायचा, माणसं जमवायची आणि मग फेरीला न्यायची. इसरू म्हणाला, “मले का, दुपारपासून माती लावून बसतो.”

रविवारी सकाळी मुखरू ऑटो घेऊन ताडोबाच्या रस्त्याला लागला. जंगलाजवळ भोंगा चालत नाही हे त्याला पक्कं ठाऊक, म्हणून बऱ्याच अलीकडे एका चहाच्या टपरीपाशी थांबला. सकाळच्या सफारीच्या जिप्सी परत येऊ लागल्या होत्या. त्या दिवशी वाघानं कोणालाच दर्शन दिलं नव्हतं. पहाटे चारला उठलेली, थंडीनं गारठलेली, दोन हरणं आणि चिखलातला एक पंज्याचा ठसा पाहून परतणारी माणसं. त्यांचे उतरलेले चेहरे पाहून मुखरूला त्यांची खरोखर दया आली. त्यानं माईक हातात घेतला. आणि इथंच घोटाळा झाला, कारण धास्तीनं त्यानं सोडलेला खर्रा पुन्हा तोंडात टाकला होता.

खर्रा तोंडात असला की एका दमात एकच वाक्य बोलता येतं. मग माईक बंद, पिचकारी, पुन्हा माईक. बत्तीस वर्षांचा नियम मुखरू त्या दिवशी विसरला.

“सावधान! जटपुरा गेटात वाघ येऊन राह्यला!” हे पहिलं वाक्य.

पिचकारी.

“चार वाजता! जटपुरा गेट! फुकट! फुकट! फुकट!” हे दुसरं.

पिचकारी.

“आपल्या सर्वांचे लाडके, इसरू डोमाजी गेडाम!” हे तिसरं.

जिप्सी काही थांबत नव्हत्या, त्यामुळे ज्या गाडीला जे वाक्य भेटलं ते तिनं घेतलं. पहिलं वाक्य ज्यांना मिळालं त्यात पुण्याच्या एक बाई होत्या, डोक्याला मोठी टोपी, गळ्यात दुर्बीण, सोबत नवरा आणि सासू. पुण्याच्या कानाला ‘येऊन राह्यला’ म्हणजे आला आणि तिथंच मुक्काम ठोकून बसला. बाईंनी ड्रायव्हरचा खांदा धरला. “अहो, शहरात वाघ येऊन राहिलाय! फिरवा गाडी!” त्यांनी ही बातमी मागच्या गाडीला फोनवर दिली, मागच्यानं त्याच्या मागच्याला, आणि ज्या गाडीला दुसरं वाक्य भेटलं होतं तिनं त्यात चारची वेळ जोडली.

मुखरू खूश होऊन दुपारी गावाकडे वळला आणि भोंगा चालूच ठेवला. म्हटलं, गावातलेही चार लोक येतील.

आता चंद्रपूरचा माणूस ‘वाघ येऊन राह्यला’ याचा अर्थ पुण्यासारखा लावत नाही. इथं ‘मी जेवून राह्यलो’ म्हणजे घास तोंडात आहे, आणि ‘वाघ येऊन राह्यला’ म्हणजे वाघ निघाला आहे, रस्त्यात आहे, पोचेलच. शिवाय पावर हाऊसच्या बाजूनं वाघ खरेच हिंडतात, हे शाळेतल्या पोराला माहीत. त्यात सुरुवातीला ‘सावधान!’ आणि आवाज मुखरूचा, म्हणजे बातमी पक्की. जटपुऱ्याच्या बाजारात पहिलं वाक्य पडलं मात्र, धडाधड शटर खाली आली. भाजीवाल्या टोपल्या टाकून पळाल्या. सोमाजीभाऊंनी दुकानात असलेल्या एकमेव गिऱ्हाइकाला बाहेर काढावं की आत घ्यावं याचा क्षणभर विचार केला आणि शेवटी आत घेतलं.

पुढच्या मोहल्ल्याला दुसरं वाक्य भेटलं: चार वाजता, फुकट. काय फुकट हे कोणाला ठाऊक नव्हतं, पण फुकट आहे म्हटल्यावर लोकांनी घरातल्या सगळ्यात मोठ्या थैल्या काढल्या.

त्याच्यापुढच्या मोहल्ल्याला तिसरं भेटलं. ‘आपल्या सर्वांचे लाडके’ हे शब्द मुखरू आजवर एकाच कामासाठी वापरत आला होता. तिथल्या बाया डोक्यावर पदर घेऊन इसरूच्या घरी निघाल्या. इसरू अंगणात पिवळा होऊन माती वाळायची वाट पाहत बसला होता. बायांनी दारातूनच हंबरडा फोडला. “मी जित्ता हाये बाप्पा!” इसरू ओरडला. एक म्हातारी त्याच्याकडे निरखून पाहत म्हणाली, “जित्ता हाये तर मढ्यावानी हळद काऊन लावली?” तिची समजूत काढता काढता इसरूचे तीन पट्टे पुसले गेले आणि चाराला तो घरीच होता.

आणि चाराला जटपुरा गेटात काय दृश्य! चौदा जिप्सी, पन्नास-साठ माणसं, गळ्यात हातभर लांब कॅमेरे. सोमाजीभाऊंनी वीस वर्षं ज्या गर्दीचं स्वप्न पाहिलं, ती गर्दी त्यांच्या दुकानासमोर उभी होती आणि भाऊ शटरच्या फटीला डोळा लावून आत अडकले होते. सगळा बाजार बंद. रस्त्यात एक गाय तेवढी निवांत उभी. पर्यटकांनी तिचेच फोटो काढायला घेतले.

मुखरू ऑटोतून उतरला. एवढी माणसं पाहून आलेला आनंद आणि शटर पाहून बसलेला धक्का, दोन्ही एकदम. तेवढ्यात गच्चीवरून कोणीतरी ओरडलं, “मुखरूभाऊ, पळा! वाघ येऊन राह्यला!”

“कोणं सांगतलं?”

“तुमीच!”

टोपीवाल्या बाई पुढे आल्या. “काका, वाघ कुठे आहे?”

“येऊन राह्यला, बाई.”

“राहिलाय ते कळलं हो. पण राहिलाय कुठे?”

“अजून येऊनच राह्यला.”

“अजून आहे ना? मग दाखवा की!”

“अवो, आला कुठी? येऊन राह्यला!”

बाईंच्या सासूबाई खाली बसल्या. “या माणसाचं मला काही कळत नाही,” त्या म्हणाल्या, “आला म्हणतो, नाही आला म्हणतो, राहिला म्हणतो.”

मग एका बाजूनं वनखात्याची गाडी आली, जाळं घेऊन. कोणीतरी फोन केला होता. आणि दुसऱ्या बाजूनं सायकलवरून इसरू आला. पिवळाजर्द, तीन पट्टे पुसलेले, शेपूट साखळीत अडकू नये म्हणून कमरेला गुंडाळलेलं. त्याच्या मागे डोळे पुसणाऱ्या बाया, त्यांच्या मागे थैल्यावाले. वनखात्याच्या माणसानं इसरूकडे पाहिलं, हातातल्या जाळ्याकडे पाहिलं, परत इसरूकडे पाहिलं. इसरूनं सायकल टाकून दोन्ही हात वर केले. “साहेब, मी वाघबी नाई आन मेलोबी नाई!”

गच्चीवर एक बाई हसली. मग दुसरी. मग सगळ्या गच्च्या. पण मुखरूला हसू येईना. त्याला सगळं लख्ख समजलं होतं. आपलाच नियम आपण मोडला. समोर त्यानं पाहिलं तर सोमाजीभाऊंचं शटर हातभर वर झालं होतं आणि त्याखालून एक हात बाहेर आला होता, तळवा पसरलेला.

“बिल्ला,” शटर बोललं. “सारा बाजार बंद पाडला तू. भोंगा लावून! दे इकडे.”

मुखरूनं आधी माईक घेतला. खर्रा थुंकला, चूळ भरली आणि एकाच वाक्यात सगळं बसवून बोलला: “मी मुखरू मोहुर्ले सांगतो का आज वाघ कुठीच नाई, हा आपला इसरू हाये, जित्ता हाये, फुकटात फकस्त याचा नाच होता, चूक सारी माही हाये, पाहुण्यायनं आन गावानं मले माफ करावं आन दुकानं उघडावी.” मग बिल्ला काढून त्यानं त्या हातावर ठेवला. हात आत गेला. मुखरूच्या सदऱ्यावर टाचणीची दोन भोकं राहिली. त्याला वाटलं आपण इथंच, सगळ्यांसमोर रडणार.

पर्यटक कुरकुरत होते. पाच-सहा गाड्या वळल्यासुद्धा. टोपीवाल्या बाईंनी मात्र गेटाकडे मान वर केली. “ते वर दगडात काय कोरलंय, काका?”

“मी आता मार्गदर्शक नाई, बाई.”

“मग नका होऊ मार्गदर्शक. नुसतं सांगा.”

कागद खिशात होता, पण मुखरूनं तो काढला नाही. “ते सिंह हाये, खाली हत्ती. गोंड राजाचं निशाण. आन हे शहर कसं बसलं ठाऊक हाये का तुमाले? राजा शिकारीले निघाला, सोबत कुत्रा. एक ससा उठला आन कुत्र्याच्या मांग लागला! कुत्रा पुढं, ससा मांग! राणी म्हणे, ज्या मातीत ससा कुत्र्याले पळवते ती माती साधी नाई, इथीच शहर बसवा. ससा जिथून जिथून धावला, तिथून तिथून हा परकोट.” मग त्यानं बंद शटरांकडे हात केला. “आन त्या शहरातले आमी लोक पाहा, इसरूले भेऊन लपलो!”

उरलेली माणसं खदाखदा हसली. शटरांच्या मागूनही हसू ऐकू आलं. एक शटर वर गेलं, मग दुसरं. चहावाल्यानं स्टोव्ह पेटवला. इसरूनं जमेल तेवढ्या पट्ट्यांत उडी मारली आणि थैल्यावाले तिसऱ्या रांगेत गेले. मुखरू चालू लागला आणि माणसं त्याच्या मागे. कोणत्या खिडकीतून पूर्वी मढी बाहेर न्यायचे, कोणत्या दुकानातली शेव खाल्ली तर पुन्हा यावंच लागतं, कोणत्या गल्लीत कुत्रा चावतो, सगळं त्यानं सांगितलं. बाई वहीत लिहून घेत होत्या, पण त्यांचं लक्ष परकोटापेक्षा मुखरूच्या क्रियापदांकडेच जास्त होतं.

समाधीच्या अलीकडे ऊन पिवळं पडलं. “समाधी आता नाई दिसनार नीट,” मुखरू म्हणाला. “राणीनं राजासाठी बांधली. सकाळच्या उन्हात पाहा तिले. आता दिवस बुडून राह्यला.”

“बुडून राहिला!” बाई टाळी वाजवून थांबल्याच. “अहो काका, आता कळलं मला! तुमचं ‘येऊन राह्यला’ म्हणजे आमचं ‘येतोय’. आणि आमच्याकडे येऊन राहिला म्हणजे मुक्कामाला आला!”

मुखरूनं ते मनात दोनदा घोळवलं. “म्हंजे बाई, वीस वर्सांपासून आमी म्हनून राह्यलो का पर्यटक येऊन राह्यले, येऊन राह्यले. ते आमच्या भाषेतच राह्यले वाटते. तुमच्या भाषेत येऊन कोणीच नाई राह्यलं.”

बाई हसल्या. मग एकदम हसायच्या थांबल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. “आपलं विमान उद्या संध्याकाळचं आहे ना? मग समाधी सकाळी पाहू. काका, इथे राहायला कुठे आहे?”

आशाबाईंच्या लॉजमध्ये त्या संध्याकाळी जी धावपळ झाली ती विचारू नका. लग्नात मिळालेल्या, पेटीत तीस वर्षं जपलेल्या चादरी बाहेर निघाल्या. “कोर्टाची तारीख कोणत्या दिवशी हाये तुमची?” आशाबाईंनी सवयीनं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, “आमचा काही गुन्हा नाही हो, आम्ही नुसतेच आलोय.”

सकाळी सोमाजीभाऊ दुकान उघडायला आले तर लॉजच्या दोरीवर तीन अनोळखी टॉवेल वाळत होते. भाऊंनी ते दोनदा मोजले. पुण्याचे पाहुणे पोहे खाऊन आले होते. सासूबाईंची चप्पल तुटली म्हणून शेजारच्या दुकानातून नवी घेतली होती, आणि मुखरू त्यांना समाधीकडे घेऊन निघाला होता. बिल्ला नव्हता. सदऱ्यावर भोकं तशीच होती.

“थांब रे,” भाऊंनी हाक मारली. मुखरू थबकला. काल शटर बोललं होतं, आज भाऊ स्वतः बोलत होते, पण आठी तीच होती. “काल काय काय बोललो मी तुले, आठवते?”

“आठवते, भाऊ. मी बाजार बंद पाडला.”

“ते तर पाडलाच. पन आधी काय बोललो होतो? एक कुटुंब राह्यलं तर बिल्ला कोनाचा?” भाऊंनी खिशातून बिल्ला काढला. रात्रभर त्यांनी तो खिशातच ठेवला होता, हे त्यांच्या नातीनं नंतर सगळ्यांना सांगितलं. त्यांनी स्वतःच्या हातानं तो मुखरूच्या सदऱ्यावर, त्याच दोन भोकांवर लावला.

गेटाजवळ दिव्यानी शिडीवर होती आणि खाली इसरू रंगाचा डबा धरून उभा होता. दिव्यानीनं आपला सुस्वागतमचा कागद फाडला होता आणि रात्रीत इसरूकडून नवा बोर्ड रंगवून घेतला होता. कानामागे अजून पिवळी माती असलेल्या इसरूनं चार शब्द मोठ्या अक्षरात लिहिले होते: चंद्रपूरच्या परकोटात येऊन राहा.

टोपीवाल्या बाईंनी वाचलं. “अरे वा! म्हणजे इथे या आणि मुक्काम करा.”

“नाई नाई,” इसरू म्हणाला, “म्हंजे येतच राहा.”

“मंग खरं कोनतं?” सोमाजीभाऊंनी आठी घालून विचारलं. भाऊंनी बोर्ड पुन्हा वाचला आणि वीस वर्षांत प्रथमच त्यांच्या कपाळावरची आठी गेली. “दोन्ही चालते,” ते म्हणाले. “मुखरू, वाच बरं एकदा मोठ्यानं, सारा बाजार ऐकू दे.”

मुखरूनं तोंड उघडलं. तोंडात खर्रा नव्हता, भोंग्याची गरज नव्हती, शब्द तर स्वतःचेच होते. पण गळ्यातून आवाज काही निघेना. त्यानं बिल्ल्यावर हात ठेवला, पुन्हा प्रयत्न केला आणि नुसती मान हलवली. डोळ्यांतून पाणी मात्र घळघळा आलं.

फुटाण्याची टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला निघालेली धुरपता तिथंच थांबली होती. तिनं पदरानं आधी स्वतःचे डोळे पुसले आणि मग पदर त्याच्या हातात दिला.

“बत्तीस वर्सांत पहिल्या बारीले भोंगा बंद पडला,” ती पाहुण्यांना म्हणाली. “थांबा थोडं. बोलून राह्यले ते.”